वणावर आधी बोट फिरवा, मग उपचार ठरवा

मेडिकलच्या दुकानात जाऊन "डाग घालवायचं मलम द्या" म्हटलं की लगेच एक ट्यूब पुढ्यात येते. वण फुगलेला आहे, खड्डा पडलाय की नुसता रंग काळवंडलाय, हे कुणी विचारत नाही आणि घोळ तिथेच होतो. फुगलेला वण खाली बसवायचा असतो, खड्डा वर उचलायचा असतो, आणि काळ्या डागाला बहुतेक वेळा उन्हापासून जपत धीर धरायचा असतो. एकाचा उपचार दुसऱ्यावर केला तर पैसे तर जातातच, वणही बिघडतो. केलॉइडवर, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणाऱ्या वणावर, सुयांचा रोलर फिरवणं ही त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण अशा कातडीला प्रत्येक टोचणी म्हणजे नवी जखम.

पायरी १: आरसा, टॉर्च आणि बोट

रात्री बाथरूमचा दिवा बंद करून आरशासमोर उभं राहा. मोबाइलचा टॉर्च कानाजवळ, गालाला जवळजवळ समांतर धरा. समोरून उजेड पडला की खड्डे लपतात, बाजूने पडला की प्रत्येक खड्ड्याची सावली दिसते. आता डोळे मिटून वणावरून बोट फिरवा. बोटाला उंचसखल काहीच लागलं नाही, तर तो खरा वण नव्हे, रंगाचा डाग आहे. बोट अडलं, तर वण फुगलेला. बोट घसरून आत गेलं, तर खड्डा.

खड्डा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची कातडी दोन बोटांनी हलकी ताणा. ताणल्यावर खड्डा जवळजवळ नाहीसा होतो, त्याला 'रोलिंग' म्हणतात. हा रुंद असतो, चार-पाच मिलिमीटरच्या पुढचा, आणि कातडी खालच्या थराला तंतूंनी बांधली गेल्यामुळे ओढली गेलेली असते. ताणूनही कडा स्पष्ट राहतात, छोट्या डबीसारख्या उभ्या, तो 'बॉक्सकार'. कांजण्यांचे खड्डे बहुधा याच जातीचे. आणि जाड सुईने भोसकल्यासारखं, दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद पण खोल छिद्र दिसलं, तर तो 'आइसपिक'. मुरुमांच्या गालावर हे तिन्ही एकत्र नांदतात, म्हणून एकाच उपचाराने गाल सपाट होत नाही.

डाग असेल तर त्यावर पारदर्शक काचेचा ग्लास दाबून बघा. लाली दाबल्यावर फिकी पडली, तर ती रक्तवाहिन्यांची. तपकिरी-काळा रंग तसाच राहिला, तर तो मेलॅनिनचा, म्हणजे कातडीच्या रंगद्रव्याचा. दोघांची औषधं वेगळी आहेत.

शेवटचा प्रश्न वयाचा, तुमच्या नव्हे, वणाच्या. जखम भरल्यावर कातडी वर्ष-दीड वर्ष आतून डागडुजी करत असते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण सगळ्यात लाल, टणक आणि खाजरा असतो, आणि नेमका तेव्हाच माणूस घाबरून शस्त्रक्रियेची चौकशी करतो. साधा वण पुन्हा कापून नीट शिवायचा असेल तर सहसा वर्षभर थांबतात. मात्र सांध्यावरची कातडी आखडून हात सरळ होत नसेल किंवा पापणी मिटत नसेल, तर थांबायचं नाही.

पायरी २: जखम ताजी आहे तोवर

पुढचा निम्मा त्रास इथेच वाचतो. दुचाकीच्या सायलेन्सरचा चटका, उकळता चहा, कुकरची वाफ, दिवाळीचा भुईनळा, काहीही असो: वाहत्या नळाच्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटंही वीस वाटतात. भाजून दोन-अडीच तास झाले असले तरी पाणी धरण्याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने अर्धवट भाजलेली कातडी आणखी मरते. टूथपेस्ट, शाई, तूपही नको. डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि जखम वाढते.

भाजलेली जखम भरायला किती दिवस लागले ते लिहून ठेवा. दोन आठवड्यांत भरली तर वण फुगण्याची शक्यता कमी. तीन आठवड्यांच्या पुढे गेली तर फुगेलच असं धरून चाला, आणि भरताक्षणी पायरी ३ मधला सिलिकॉनचा भाग सुरू करा.

रस्त्यावर घसरून खरचटलं असेल तर खडी-डांबराचे कण धुवून, गरज पडल्यास जागा बधिर करून ब्रशने घासून, पहिल्या दिवशीच काढून घ्या. कातडी त्यांच्यावरून भरली की निळसर-काळं गोंदण तयार होतं, आणि ते मग लेझरशिवाय निघत नाही.

"जखम उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरू दे" हा घरोघरचा सल्ला. प्रत्यक्षात कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना वाट काढायला वेळ लागतो. स्वच्छ पाणी आणि साध्या साबणाने धुवून, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी, आणि रोज बदल, एवढं पुरतं. खपली धरलीच तर ती नखाने उचलायची नाही. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच-सात दिवसांत काढतात, हातापायांचे दहा-चौदा दिवसांत. चेहऱ्यावरचे टाके उगाच जास्त दिवस ठेवले की वणावर आडव्या रेघा उठतात आणि शिडीसारखा दिसतो तो. टाके निघाल्यावरही तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या पाव-एक ताकद असते. म्हणून तिच्यावर कागदी टेप लावून ताण कमी ठेवतात. खांदा, पाठ आणि गुडघ्यावर याचा फरक जास्त दिसतो.

पायरी ३: फुगलेला वण

इथे दोन भावंडं आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. हायपरट्रॉफिक वण जखमेच्या हद्दीत राहतो, महिना-दोन महिन्यांत उठतो आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. केलॉइड हद्द ओलांडतो. जखम होती ज्वारीच्या दाण्याएवढी आणि गाठ झाली सुपारीएवढी, असं दिसलं तर तो केलॉइड. तो कधी कधी काही महिन्यांनी, अगदी वर्षानंतरही सुरू होतो आणि आपोआप जात नाही. हे नावही ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीच्या शब्दावरून आलंय. पॅरिसच्या अलिबेर नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते रुजवलं. छातीच्या मधोमध पसरलेला केलॉइड पाहिला की नाव पटतं. छाती, खांदा, जबडा, कानाची पाळी आणि बीसीजीची लस टोचतात तो दंड, या त्याच्या आवडीच्या जागा.

घरात कुणाला केलॉइड असेल तर हौसेखातर कान-नाक पुन्हा टोचू नका. पाळण्यातल्या बाळाचे कान टोचण्याची आपली रीत या बाबतीत बरी: अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांना केलॉइड होण्याचं प्रमाण जास्त असतं.

पहिला उपचार सिलिकॉन. जखम पूर्ण भरल्यावर, ओल किंवा खपली अजिबात नसताना सुरू करायचा. पट्टी वणापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठी कापा. पहिले दोन दिवस चार-चार तास, मग वाढवत रोज किमान १२ तास, जमल्यास २०-२२ तास. किमान तीन महिने. आपल्याकडे पट्टी सोडून देण्याचं एकच कारण असतं: घाम. मे महिन्यात मुंबई-कोकणात तिच्याखाली घामोळं येतं, कातडी पांढरी-लिबलिबीत पडते. यावर तोडगा म्हणजे दिवसातून दोनदा पट्टी काढून साबणाने धुवायची, वण पुसून पूर्ण कोरडा करायचा आणि वण सुकेपर्यंत पंधरा मिनिटं पट्टी लावायची नाही. पावडर लावायची नाही, चिकटपणा जातो. तरीही पुरळ आलं तर दोन दिवस सुट्टी, आणि पुढे दिवसा जेल, रात्री पट्टी. सांधे आणि चेहऱ्यासाठी जेलच बरं. जेल इतकं पातळ लावायचं की चार-पाच मिनिटांत सुकावं. सुकलं नाही म्हणजे जास्त झालं, टिपून घ्या. बोटावर भरपूर घेऊन चोळल्याने गुण वाढत नाही, ट्यूब लवकर संपते इतकंच.

सोबत मालिश: दिवसातून दोनदा, दहा मिनिटं, अंगठ्याने इतकं दाबायचं की वण पांढरा पडावा, आणि मग जागच्या जागी गोल फिरवायचं. बोट कातडीवरून घसरायला नको, बोटाबरोबर कातडी हलली पाहिजे. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावण्याने वण सुधारत नाही आणि बऱ्याच जणांना त्याची खाज सुटते; मालिशला साधं मॉइश्चरायझर वापरा.

दोन-तीन महिन्यांत बसला नाही किंवा सुरुवातीलाच केलॉइड असेल, तर इंजेक्शन. ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम या प्रमाणात थेट गाठीच्या आत देतात, दर चार आठवड्यांनी, तीन ते सहा वेळा किंवा जास्त. पहिल्या वेळी औषध आत शिरायला भारी जोर लागतो, सिरिंजचा दट्ट्या अडतो. दोन-तीन वेळांनी गाठ मऊ पडली की सहज जातं. खाज आणि ठणका उंची कमी होण्याच्या आधीच थांबतात, ही चांगली खूण. औषध गाठीऐवजी खालच्या चरबीत गेलं तर तिथे खळगा पडतो आणि भोवती पांढरा पट्टा उमटतो. तो काही महिने टिकतो. बायकांमध्ये पाळी मागेपुढे होऊ शकते, तेव्हा घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. चिवट गाठींत स्टेरॉइडबरोबर ५-फ्लुरोयुरॅसिल मिसळतात, ते गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना चालत नाही. द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपायही आहे, मात्र सावळ्या कातडीवर पांढरा डाग मागे ठेवतो.

"एकदाचं कापून टाका ना!" हे प्रत्येक केलॉइडवाल्याच्या तोंडी असतं. नुसतं कापलं तर निम्म्याहून जास्त केलॉइड परत येतात, कित्येकदा आधीपेक्षा मोठे. म्हणून कापल्यावर लगेच स्टेरॉइडची मालिका, कानाला महिनोन्महिने दाब देणारी क्लिप, किंवा एक-दोन दिवसांच्या आत रेडिएशन, यांतलं काहीतरी आधी ठरलेलं असलं पाहिजे. "पुढचं नंतर बघू" म्हणणाऱ्याकडे कापून घेऊ नका. मोठ्या भाजल्याच्या वणांना मापाने शिवलेले दाबाचे कपडे लागतात, रोज २३ तास, सहा महिने ते वर्ष. धुवायला दुसरा जोड हवाच.

पायरी ४: खड्डे

पहिली अट: मुरुम थांबलेले हवेत. चालू मुरुमांवर खड्ड्यांचा उपचार म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी. तीन-चार महिने नवे मोठे मुरुम आलेले नसावेत. रात्री वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन ०.१ टक्के हे मलम मुरुमही रोखतं आणि उथळ खड्ड्यांनाही थोडा आधार देतं (गरोदरपणात नाही). मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद झाल्या असतील तर सांगा. पूर्वी सरसकट सहा महिने थांबायला लावत, आता मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) आणि काही लेझर त्याआधीही करतात, पण कातडी यंत्राने खोल घासायची असेल तर अजूनही थांबतात.

आइसपिकसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नेमका उपाय म्हणजे टीसीए क्रॉस. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ५० ते १०० टक्के. आपल्या रंगाला बरेच डॉक्टर ५०-७० वर थांबतात. टोकदार लाकडी काडी आम्लात बुडवतात, जास्तीचा थेंब कडेला टिपतात, आणि काडीचं टोक छिद्राच्या तळाशी दाबतात. काही सेकंदांत छिद्र खडूसारखं पांढरं होतं, अर्धा-एक मिनिट चांगलंच चुरचुरतं, मग शांत. दुसऱ्या दिवशी तपकिरी टिकल्या, पाच-सात दिवसांत गळतात. दर महिन्याला एकदा, तीन ते सहा वेळा. बिघडतं ते थेंब कडेला ओघळल्याने: आम्ल छिद्राबाहेर पसरलं की छिद्र भरायच्या ऐवजी रुंद होतं आणि भोवती काळं कडं उमटतं. हे आम्ल ऑनलाइन मिळतं आणि व्हिडिओ बघून घरी करणारे आहेत. करू नका.

रोलिंग खड्डा खालून बांधलेला असतो, त्यामुळे वरून कितीही लेझर मारा, तो उठत नाही. इथे सबसिजन लागतं: जागा बधिर करून कातडीच्या खालून सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) सरकवतात आणि बांधलेले तंतू तोडतात. तंतू तुटताना कटकट असा बारीक आवाज पेशंटलाही ऐकू येतो. हे आधी सांगितलेलं नसलं तर माणूस दचकतो. सूज तीन-चार दिवस, निळेपणा आठ-दहा दिवस. लग्नाच्या आठवड्यात हे काम काढू नका.

उथळ बॉक्सकारला मायक्रोनीडलिंग, रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुया (एमएनआरएफ) किंवा फ्रॅक्शनल लेझर (सगळ्या कातडीवर नव्हे, बारीक ठिपक्यांत मारलेलं). खोल आणि मोजक्याच असतील तर प्रत्येक खड्डा पंचने, म्हणजे गोल पात्याच्या छोट्या हत्याराने, कापून टाका घालणं जास्त सरळ. मायक्रोनीडलिंगमध्ये बधिर करणारं मलम ४५ ते ६० मिनिटं लावून ठेवतात, मग १.५ ते २.५ मिलिमीटरच्या सुया उभ्या, आडव्या, तिरक्या फिरवतात, जोवर रक्ताचे बारीक टिपके एकसारखे उमटत नाहीत तोवर. दर महिन्याला एक, असे चार ते सहा. घरगुती रोलरच्या सुया अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या. त्या खड्ड्याच्या तळापर्यंत पोचतच नाहीत, पण मुरुमांचा जंतुसंसर्ग गालभर पसरवायला पुरतात.

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर ताकदीचा, पण गव्हाळ-सावळ्या कातडीवर नंतर काळवंडण्याचा धोकाही त्याचाच जास्त. एमएनआरएफची उष्णता सुयांच्या टोकाशी, आत सुटते, वरच्या रंगद्रव्याला कमी लागते. आपल्याकडे म्हणूनच ते जास्त चालतं. ओठांवर वारंवार तापाचे फोड येत असतील तर चेहऱ्यावर लेझर करण्याआधी सांगा. विषाणूविरोधी गोळ्या आधी सुरू कराव्या लागतात, नाहीतर फोड उपचार झालेल्या सगळ्या भागावर पसरतात.

सर्व मिळून निम्मा ते पाऊण फरक पडला तर उपचार उत्तम झाला. "शंभर टक्के क्लीन" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

पायरी ५: नुसता डाग

यात फार करायचं नसतं आणि लोक सगळ्यात जास्त इथेच करतात. काळा डाग काही महिन्यांत, खोल असेल तर वर्ष-दोन वर्षांत फिकट होतो, अट एकच: ऊन लागता कामा नये. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, चेहरा-मानेला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन काळ्या डागांना साध्यापेक्षा उपयोगी, कारण ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं. रात्री अ‍ॅडापलीन किंवा अझेलेक अ‍ॅसिड; दुसरं गरोदरपणातही चालतं. लाल डाग बहुधा आपोआप जातात, घाई असेल तर रक्तवाहिन्यांवरचं लेझर. पांढरे पडलेले वण मात्र सगळ्यात हट्टी. स्ट्रेच मार्क्सचंही तेच: लाल-जांभळे असताना फरक पडतो, पांढरे झाल्यावर थोडाच.

लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून नवा काळा डाग पडतो. आणि गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशा तिहेरी मिश्रणाच्या ट्यूबा: पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं तर परत ठेवा, ही सगळी स्टेरॉइडंच.

पायरी ६: कुणाकडे जायचं

दारावर 'स्किन क्लिनिक' लिहायला काही लागत नाही. डॉक्टरांच्या नावापुढे एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी त्वचारोग, अथवा प्लास्टिक सर्जरीची एमसीएच आहे का, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. यात उद्धटपणा नाही. केईएम, सायन, ससून, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथे रांग असते.

विचारायचे प्रश्न थोडे आहेत. माझा वण कोणत्या जातीचा? मशीन कोण चालवणार, डॉक्टर की सहायक? एकूण किती वेळा, दर वेळी किती, आणि पॅकेज मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? माझ्या रंगावर काळवंडलं तर काय करणार? शक्यतो कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोटी चाचणी आधी करून घ्या. केलॉइड, कोड, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, यांतलं काहीही न विचारताही सांगा.

मायक्रोनीडलिंग किंवा लेझरनंतर पहिले २४ तास चेहऱ्याला फक्त स्वच्छ पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. तीन दिवस जिम नाही, स्वयंपाकघरातल्या शेगडीसमोर तासन्‌तास उभं राहणं नाही, मेकअप नाही. पाच-सात दिवस सुटणारी साल ओढायची नाही. अ‍ॅडापलीन आठवडाभर बंद. पिवळा पू, वाढता ठणका किंवा पाण्याने भरलेले फोड दिसले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

फोटो स्वतःच काढा: दर चार आठवड्यांनी, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फिल्टर बंद करून, एक समोरून आणि दोन बाजूंनी. शेवटच्या बैठकीनंतर तीन महिने थांबून मग तुलना करा. दुसऱ्या दिवशीचा गुळगुळीत गाल ही सूज असते, खरं कोलॅजन (कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन) हळूहळू भरतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कित्येक वर्षांपूर्वीच्या भाजल्याच्या वणावर अचानक न भरणारी जखम झाली, कडा जाड झाल्या, रक्त येऊ लागलं, तर तिथे कुठलंही मलम लावत बसू नका. जुन्या वणात क्वचित कर्करोग होतो. तुकडा काढून तपासून घ्या.